वाड्याचा गारवा हवा, वजन नको : आलिशान घरांचा वास्तुविशारद कसा घडतो

लातुरात किंवा नांदेडात बारावीचा निकाल लागला की घराघरात दोनच प्रश्न निघतात : नीटला किती पडले आणि जेईईला किती? ‘लातूर पॅटर्न’नं डॉक्टर आणि इंजिनिअर होण्याची वाट इतकी मळून टाकली आहे की तिसऱ्या वाटेची चौकशी फारशी कुणी करत नाही. याच शहरांत डॉक्टर, आडत व्यापारी, डाळमिलवाले आणि क्लासचालक मोठमोठे बंगले बांधत असतात. चांगला बंगला जमिनीवर येण्याआधी कुणीतरी तो कागदावर उभा केलेला असतो. तो माणूस म्हणजे वास्तुविशारद, आपल्या रोजच्या बोलण्यातला आर्किटेक्ट.

आपल्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला असा आर्किटेक्ट व्हायचं असेल, तर वाट कुठून सुरू होते, कुठे वळते आणि पाय कुठे घसरतो, हे इथे क्रमानं पाहू. ज्यांनी बंगला बांधायला काढला आहे, त्यांनाही यातला उत्तरार्ध उपयोगी पडेल.

इथल्या ऐषआरामाचा खरा अर्थ

मराठवाड्यातला जुना वाडा आठवून पाहावा. दगड-मातीच्या, दोन फूट किंवा त्याहून जास्त जाडीच्या भिंती, मधे चौक, चौकाभोवती ओसरी आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या टाकून त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेलं सपाट छत. पाणी गळू नये म्हणून त्यावर अधूनमधून नवी माती पडायची आणि थर वाढत जायचा. मे महिन्यातही आत गारवा असायचा. त्या काळची श्रीमंती म्हणजे हा गारवा.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारी नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. बहुतेकांचा जीव घरांच्याच ओझ्यानं घेतला. एक साधा हिशेब करून पाहू. एक घनफूट माती साधारण ४५ ते ५० किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट मातीचं माळवद असेल, तर झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर दहा टनांहून जास्त वजन असतं. भिंती जाड होत्या, पण एकसंध नव्हत्या. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसला, थर फाकले आणि माळवद खाली आलं.

त्यानंतर लोकांनी सिमेंटच्या स्लॅबवर विश्वास टाकला. तो योग्यच होता. पण पाच-सहा इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तव्यासारखा तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. मध्यरात्र उलटली तरी पंखा गरम हवाच फिरवत राहतो.

लातूर-नांदेडमध्ये आलिशान घर काढणाऱ्याचं खरं काम इथे सुरू होतं. वाड्याचा गारवा परत आणायचा, वाड्याचं वजन मात्र आणायचं नाही. संगमरवर, झुंबर, होम थिएटर ही सगळी त्यानंतरची गोष्ट. पुढचे टप्पे पाहताना हे सूत्र मनात असू द्यावं.

पहिला टप्पा : अकरावीत गणित सोडू नये

वास्तुकलेच्या पदवीला, म्हणजे बी.आर्क.ला, बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. नीटची तयारी करायची म्हणून अकरावीला गणित सोडलं जातं, वैद्यकीयचा नंबर लागत नाही आणि मग कुणीतरी आर्किटेक्चर सुचवतं. तोवर दार बंद झालेलं असतं. म्हणून थोडी जरी शक्यता वाटत असेल, तरी जीवशास्त्राच्या जोडीला गणित ठेवावं.

दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका करून येणाऱ्यांनाही वाट आहे. लातूर आणि नांदेड दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. मात्र पदविकेतही गणित हा विषय असायला हवा.

दुसरा टप्पा : कोणती परीक्षा द्यायची

बी.आर्क.च्या प्रवेशासाठी नाटा नावाची राष्ट्रीय अभियोग्यता परीक्षा असते. ती वास्तुकला परिषद, म्हणजे या व्यवसायाची देशपातळीवरची वैधानिक संस्था, घेते. जेईई मेनचा पेपर दोन-अ हा दुसरा पर्याय. गुण हातात आल्यावर राज्याच्या सीईटी कक्षाकडे केंद्रीय प्रवेशफेरीसाठी वेगळा अर्ज भरावा लागतो.

इथे तीन गैरसमज नेहमी आढळतात. एक, एमएचटी-सीईटी दिली की आर्किटेक्चरलाही चालेल. ती चालत नाही. दोन, शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिल्या की नाटाची गरज नाही. त्या परीक्षांनी हात तयार होतो, पण प्रवेशासाठी त्या मोजल्या जात नाहीत. तीन, चित्र सुंदर आलं की पुरे. नाटात चित्राइतकंच तर्काला, आकार मनातल्या मनात फिरवून पाहण्याला आणि निरीक्षणाला महत्त्व असतं. सुबक निसर्गचित्र काढणारा मुलगा अडखळतो आणि पेटी उघडली तर कशी दिसेल हे अचूक सांगणारी मुलगी पुढे जाते, असं घडू शकतं.

तिसरा टप्पा : महाविद्यालय निवडताना

महाविद्यालयाची इमारत पाहण्याआधी वास्तुकला परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत त्याचं नाव आहे का, ते पाहावं. ही यादी परिषदेच्या संकेतस्थळावर मिळते. मान्यता नसलेल्या ठिकाणची पदवी घेतली तर पुढे आर्किटेक्ट म्हणून नोंदणीच होत नाही आणि पाच वर्षं पाण्यात जातात.

‘इंटिरिअर डिझाइन’, ‘सिव्हिल’ आणि ‘आर्किटेक्चर’ यांतली गल्लतही टाळावी. इंटिरिअर म्हणजे घराच्या आतली सजावट आणि मांडणी. सिव्हिल म्हणजे बांधकामाचं अभियांत्रिकी शास्त्र. आर्किटेक्चर म्हणजे घर कसं असावं, कुठून ऊन-वारा यावा, कोण कुठे वावरेल, याचा पूर्ण आराखडा.

चौथा टप्पा : पाच वर्षांचा अभ्यास

बी.आर्क. पाच वर्षांचं असतं. डिझाइन, बांधकाम पद्धती, रचनाशास्त्र, वास्तुकलेचा इतिहास, हवामान, पाणी-वीज व्यवस्था, अंदाजपत्रक असे विषय असतात. प्रत्येक आराखडा ‘ज्युरी’पुढे मांडावा लागतो. ज्युरी म्हणजे शिक्षक आणि बाहेरून आलेले व्यावसायिक मिळून केलेली उलटतपासणी. ‘ही खिडकी इथेच का?’ या प्रश्नाला ‘छान दिसते’ हे उत्तर तिथे टिकत नाही.

या काळात घसरण्याची जागा म्हणजे संगणकावरची चकचकीत चित्रं. त्रिमितीय ‘व्ह्यू’ काढण्यात रात्री जातात आणि वीट विटेला कशी सांधते, हे पाहायचं राहून जातं. उपाय सोपा आहे. सुट्टीत गावी आलं की मोजपट्टी आणि वही घेऊन जुन्या इमारती मोजाव्यात. लातूर जिल्ह्यात खरोशाची लेणी, औशाचा आणि उदगीरचा किल्ला आहे. नांदेड जिल्ह्यात कंधारचा किल्ला आणि देगलूरजवळ होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत. भिंत किती जाड, झरोका किती उंचीवर, ओसरी किती खोल, हे स्वतः मोजलेलं माणूस विसरत नाही.

लातूरची गंजगोलाईही तशीच अभ्यासावी. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराच्या आराखड्यावर १९१७मध्ये ही गोलाकार दुमजली बाजारपेठ उभी राहिली. मधे देवीचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. त्याच साली मुंबईत वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी एक संघटना सुरू केली, तिचीच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. शतकभरापूर्वी, हा व्यवसाय देशात आकार घेत असताना, आपल्या भागात एवढी नेटकी रचना झाली होती.

पाचवा टप्पा : दुसऱ्याच्या कार्यालयात शिकणं

अभ्यासक्रमात एक सत्र प्रत्यक्ष कार्यालयात काम करायचं असतं. पण तेवढ्यावर बंगला हाती घेणं धाडसाचं ठरतं. पदवीनंतर तीन-चार वर्षं चांगल्या कार्यालयात काढली तर नकाशा आणि भिंत यांच्यातलं अंतर कळू लागतं.

मोठी नावंही आधी दुसऱ्याच्या हाताखाली शिकली आहेत. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले आणि नंतर हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी जे. जे.नंतर पॅरिसला ल कोर्बुझिए यांच्या कार्यालयात गेले आणि सुरुवातीचे महिने त्यांनी बिनपगारी काम केलं. २०१८मध्ये प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळालेले ते पहिले भारतीय.

कार्यालय निवडताना पगाराइतकंच एक विचारून घ्यावं : साइटवर पाठवणार का? वर्षभर फक्त संगणकावर रेघा ओढायला लावणाऱ्या ठिकाणी फार काळ थांबू नये.

सहावा टप्पा : नोंदणी आणि गावी परतणं

आपल्या देशात १९७२चा वास्तुविशारद अधिनियम लागू आहे. त्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नावापुढे लावता येते. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की कायद्याची बंदी नोंदणीशिवाय ही उपाधी वापरण्यावर आहे. वास्तुरचनेचं काम दुसऱ्या कुणी करूच नये, असं तो कायदा म्हणत नाही. म्हणून घराचा नकाशा आर्किटेक्ट नसलेल्याकडूनही काढून मिळू शकतो, पण पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहिलं असेल तर नोंदणी क्रमांक विचारायचा हक्क आपल्याला आहे. तो ‘सीए’नं सुरू होतो आणि त्यात नोंदणीचं वर्ष असतं.

गावी परतल्यावर पहिलं काम बहुधा नात्यातलंच येतं. काकांच्या घराचा वरचा मजला, मित्राचा दवाखाना, कुणाचं कंपाउंड. नांदेडच्या डॉक्टर लेनसारख्या भागात खाली रुग्णालय आणि वर घर, अशी मागणी येते. हे काम मोठ्या बंगल्याइतकंच शिकवतं. रुग्णांचा जिना आणि घरच्यांचा जिना वेगळा कसा ठेवायचा, औषधांचा वास वर कसा जाऊ द्यायचा नाही, याचं कोडं सोडवताना डोकं तयार होतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘घरचाच आहे, एक प्लॅन काढून दे’ म्हटल्यावर फुकट नकाशा देणं. नात्यात सवलत द्यावी, पण काय काम करणार आणि त्याचं किती घेणार, हे पानभर लिहून दोघांनी सही करावी. नंतर रुसवेफुगवे होत नाहीत.

सातवा टप्पा : घरमालकाचं ऐकून घेणं

मोठं काम आलं की पहिल्या बैठकीत पेन्सिल बाजूला ठेवलेली बरी. घरात कोण कोण आहे, आईवडील जिना चढतात का, गावाकडून किती माणसं येतात, हे आधी विचारायचं. मराठवाड्यातल्या श्रीमंत घरालाही शेतातून येणारी वर्षाची तूर, ज्वारी आणि गहू ठेवायला कोरडी खोली लागते. कुरडया-पापड वाळवायला गच्ची लागते. घरातल्यांच्या वावरात अडथळा न येता चार माणसं बसतील अशी बैठक लागते. पुण्या-मुंबईच्या मासिकातला आराखडा जसाच्या तसा आणला तर नेमक्या याच जागा त्यात सापडत नाहीत.

वास्तुशास्त्राचा विषयही याच बैठकीत काढावा. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला अशा अपेक्षा आधी कळल्या तर त्या आराखड्यात बसवता येतात. स्लॅब पडल्यावर कुणी सल्लागार येऊन जिना हलवायला सांगतो, तेव्हा पैसा आणि घराची मजबुती दोन्ही जातात.

आठवा टप्पा : माती पाहिल्याशिवाय रेघ नको

आपल्याकडची काळी माती कापसाला, सोयाबीनला उत्तम असते, घराला अवघड. पावसात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हातभर भेगा पडतात. तिच्यावर टेकलेलं घरही वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग बऱ्याचदा या हालचालीची असते.

म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे आणि मुरूम किंवा खडक कुठे लागतो, ते पाहतात. मातीची धारणक्षमता, म्हणजे ती किती वजन पेलते, हे प्रयोगशाळेतून तपासून घेतात. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेतात. माती फारच खोल असेल, तर तळाशी फुगीर केलेले खांबासारखे पाये, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, देतात.

चूक होते ती जोत्यात, म्हणजे प्लिंथमध्ये. कॉलम खडकावर असतात, पण जोत्यात भर म्हणून खड्ड्यातून निघालेली तीच काळी माती टाकली जाते. घर उभं राहतं आणि वर्षा-दोन वर्षांत महागडी इटालियन फरशी पोटातून उचलली जाते. काळी माती बाहेर न्यावी, भर मुरमाची करावी, थराथरानं पाणी मारून ठोकावी. घराभोवती पाणी साचू नये म्हणून तीन-चार फुटांचा उताराचा पट्टाही करावा.

नववा टप्पा : ऊन अडवणं

मेच्या मध्याला लातूर आणि नांदेडमध्ये सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस तो हाच. त्यामुळे उन्हाळ्यात सर्वांत जास्त तापतं ते छत, आणि त्यानंतर पश्चिमेची भिंत. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा दिला की उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन अडतं. पश्चिमेला छज्जा कामाचा नाही, कारण दुपारी चारनंतर सूर्य खाली उतरतो आणि किरण छज्ज्याखालून सरळ आत येतात.

म्हणून जिना, न्हाणीघर, कोठीची खोली अशा जागा पश्चिमेला सरकवतात. त्या स्वतः तापतात आणि आतल्या खोल्यांना वाचवतात. पण पश्चिमेची बाजू पूर्ण बंद केली तर संध्याकाळचा वाराही बंद होतो. त्यासाठी जाळी, उभ्या पट्ट्या किंवा खोल ओसरी हा मधला मार्ग. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या ‘कांचनजंगा’ या १९८३मधल्या उंच इमारतीत हेच केलं. समुद्राचा वारा पश्चिमेचा, तसंच दुपारचं ऊन आणि पाऊसही पश्चिमेचेच. त्यांनी घरांच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या बागवजा ओसऱ्या काढल्या आणि जुन्या बंगल्याचा व्हरांडा आकाशात नेला.

छतासाठी वजन न वाढवणारे उपाय निवडतात. पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरसबंदी ऊन परत फेकते. सौर पॅनल जरा उंचावर बसवले तर वीज मिळते आणि गच्चीवर सावलीही पडते. भिंतीसाठी एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला सिमेंटचा ठोकळा, विटेच्या जवळपास एकतृतीयांश वजनाचा असतो आणि उष्णता कमी आत सोडतो. मधे पोकळी ठेवून दोन पातळ भिंती बांधण्याचीही पद्धत आहे. मात्र दोन्ही भिंती धातूच्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असाव्यात. नाहीतर किल्लारीच्या भिंतींत जी उणीव होती, तीच आपण नव्या कपड्यांत परत आणतो.

या टप्प्यावरचा सर्वांत महागडा मोह म्हणजे दर्शनी काच. पश्चिमेच्या रस्त्याकडे तोंड केलेली मोठी काच संध्याकाळी झगमगते खरी, पण ती सहन करायला पुढची सगळी वर्षं एसीचं बिल भरावं लागतं. चौक हा त्याहून चांगला खर्च. त्यातून घराच्या पोटात उजेड येतो आणि तापलेली हवा वर निघून जाते.

दहावा टप्पा : हादऱ्याचा हिशेब

आर्किटेक्ट घराचा आराखडा काढतो. कॉलम-बीमची जाडी आणि सळया ठरवतो तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. आलिशान घरात दोघांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसायला हवं. किल्लारीचा परिसर १९९३पूर्वी भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात धरला जात होता. २००२च्या भारतीय मानकात तो विभाग तीनमध्ये आला. ‘आपल्याकडे भूकंप होत नाही’ हे वाक्य इथे तरी कुणी म्हणू नये.

मोठ्या बंगल्यात चार जागा धोक्याच्या असतात. एक, खाली पूर्ण मोकळं पार्किंग आणि वर भरभक्कम भिंती. हादऱ्यात खालचे कॉलम आधी मोडतात. दोन, अधांतरी कॉलम, म्हणजे हॉल मोकळा दिसावा म्हणून खालचा कॉलम काढून बीमवर उभा केलेला वरचा कॉलम. तीन, दर्शनी भिंतीवर नुसत्या चिकटद्रव्यानं लावलेले जड दगड. ते खुंट्यांनी अडकवलेले हवेत. चार, कॉलममधल्या सळयांभोवतीच्या रिंगा.

रिंगांकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून थोडं सविस्तर. रिंगचं टोक आतल्या बाजूला १३५ अंशांत, म्हणजे काटकोनापेक्षा चांगलंच जास्त, वळलेलं असावं. आपल्याकडे फिटर बऱ्याचदा ते काटकोनात वळवतात, कारण बांधायला सोपं जातं. जोराचा हादरा बसला की काटकोनातली रिंग उघडते आणि सळया बाहेर वाकतात. काँक्रीट ओतण्याआधी दहा मिनिटं काढून हे तपासता येतं. ओतल्यानंतर काहीच दिसत नाही.

अकरावा टप्पा : पाण्याची सोय

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या शहरानं हे पाहिलं, तिथे कारंजं आणि पोहण्याचा तलाव काढण्याआधी छताच्या पाण्याचा हिशेब मांडावा.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. २०० चौरस मीटरचं छत आणि वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस धरला, त्यातलं ८० टक्के हाती लागलं, तर १ लाख १२ हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचे अकरा टँकर. काही पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवायचं, उरलेलं बोअरजवळ मुरवायचं.

चूक अशी होते, की पाइप लावले जातात पण गाळणी आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह विसरला जातो. मग गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा थेट टाकीत उतरते आणि दुसऱ्या वर्षी पाइप कापून टाकले जातात.

बारावा टप्पा : परवानगी

लातूर आणि नांदेड-वाघाळा या दोन्ही महानगरपालिकांत बांधकामाला राज्याची डिसेंबर २०२०मध्ये आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तीत दोन शब्द सतत येतात. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात एकूण किती बांधता येईल. आणि सामासिक अंतर, म्हणजे चारही बाजूंनी किती जागा मोकळी सोडायची.

कागद आधी तपासावेत. जमीन अकृषिक आहे का, लेआउट मंजूर आहे का, की गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय पाडलेला, प्लॉट आहे? क्रम असा : आधी बांधकाम परवानगी, मग जोत्यापर्यंत काम आल्यावर तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. मंजुरीला एक नकाशा आणि साइटवर दुसरा, ही पद्धत आपल्याकडे सवयीची झाली आहे. घर विकताना, कर्ज काढताना किंवा भावाभावांत वाटणी होताना ती महागात पडते. आर्किटेक्टनं पहिल्याच दिवशी याला नकार दिलेला बरा.

तेरावा टप्पा : साइट आणि मोबदला

मंजुरीचा नकाशा पाहून घर बांधता येत नाही. त्यासाठी कामाचे नकाशे लागतात. दाराची चौकट, पायरीची उंची, विजेचा प्रत्येक पॉइंट, न्हाणीघराचा उतार, सगळं त्यात मापासह असतं. हे नकाशे नसले की निर्णय मिस्त्री घेतो. त्याचा अनुभव मोठा असतो, पण घरमालकाच्या आईचे गुडघे दुखतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

साइटवर काही वेळा चुकवूच नयेत : पायाचे खड्डे झाल्यावर, प्रत्येक स्लॅबच्या सळया बांधून झाल्यावर, गिलाव्याआधी भिंतीतले पाइप टाकून झाल्यावर आणि गच्चीच्या जलरोधक थराच्या वेळी. तोंडी बदल सांगितला तर त्याच संध्याकाळी तो लिहून तिघांना, म्हणजे मालक, ठेकेदार आणि इंजिनिअर यांना, पाठवावा.

मोबदला बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत किंवा चौरस फुटाच्या दरानं ठरतो आणि टप्प्याटप्प्यानं घेतला जातो. या व्यवसायातली मोठी परीक्षा इथे होते. फरशी, ग्रॅनाइट, नळ विकणारे कमिशन देऊ करतात. वास्तुकला परिषदेच्या १९८९च्या व्यावसायिक वर्तन नियमांनुसार ते घेता येत नाही. मालकाकडून फी कमी घ्यायची आणि दुकानदाराकडून भरून काढायची, ही सवय लागली की आर्किटेक्ट मालकाच्या बाजूचा राहत नाही. लहान शहरात ही गोष्ट फार दिवस लपतही नाही.

चौदावा टप्पा : किल्ली दिल्यानंतर

वास्तुशांतीच्या दिवशी सगळेच कौतुक करतात. घर खरं कळतं ते दुसऱ्या पावसाळ्यानंतर आणि दुसऱ्या उन्हाळ्यात. तेव्हा आर्किटेक्टनं न बोलावता जाऊन पाहावं. कुठे भेग आली, कुठे ओल आली, कोणती खोली कुणी वापरतच नाही? पुढच्या घराचा अभ्यास तिथेच होतो, आणि लातूर-नांदेडमध्ये पुढचं काम जाहिरातीतून कमी, अशा घराच्या मालकाकडूनच जास्त येतं.

शेवटी, मुलाचा किंवा मुलीचा खरंच कल आहे का, हे पाहण्याची एक बिनखर्ची परीक्षा. येत्या उन्हाळ्यात त्यांना आपल्याच घराचा नकाशा मोजपट्टी लावून काढायला सांगावं. सकाळी दहा, दुपारी चार आणि रात्री दहा वाजता प्रत्येक खोलीचं तापमान साध्या तापमापकानं नोंदवायला सांगावं. मग एकच प्रश्न विचारावा : सर्वांत तापणारी खोली कोणती आणि भिंत न पाडता, छतावर वजन न वाढवता ती गार कशी करशील? उत्तर चुकलं तरी हरकत नाही. चार दिवसांनी मूल स्वतःहून दुसरं उत्तर घेऊन आलं, तर अकरावीच्या अर्जात गणित लिहायला आपण मोकळे.